प्रकाश झेलणारी भांडी : इंदूरच्या ‘कॅट’ची वाटचाल

इंदूरच्या वेशीबाहेर, होळकरांच्या सुखनिवासाच्या परिसरात १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी प्रगत तंत्रज्ञान केंद्राची, म्हणजेच ‘कॅट’ची, पायाभरणी केली. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेव्हा डॉ. राजा रामण्णा होते. लेसर आणि कणत्वरक या दोन विद्यांना तुर्भ्याच्या गर्दीतून काढून स्वतःचं घर द्यायचं होतं. जून १९८६मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातून शास्त्रज्ञांची पहिली तुकडी आली. पहिले संचालक डॉ. दिलीप भवाळकर, मूळचे सागरचे. इंदूरच्या मराठी मंडळींना हे केंद्र आपलं वाटलं, त्यात भवाळकर या नावाचा वाटा मोठा आहे. डिसेंबर २००५मध्ये केंद्राला रामण्णांचं नाव मिळालं, पण गावाच्या तोंडी अजून ‘कॅट’च आहे.

‘कॅट’ म्हटलं की लोक लेसरबद्दल विचारतात. मला इथली भांडी महत्त्वाची वाटतात. लेसरचा झोत ज्या पात्रात लक्ष्यावर पडतो ते पात्र आधी निर्वात करावं लागतं, नाहीतर एकवटलेला प्रकाश वाटेतल्या हवेचाच प्लाझ्मा करून टाकतो. लेसर-प्लाझ्मा विभागानं काचेच्या लेसरपासून सुरुवात करून १५० टेरावॉटच्या यंत्रापर्यंत मजल मारली. त्याचा एक स्पंद २५ फेम्टोसेकंदांचा. या विषयात आयुष्य घालवलेले डॉ. पी. डी. गुप्ता आणि डॉ. पी. ए. नाईक पुढे केंद्राचे संचालक झाले.

निर्वाताची खरी कसोटी मात्र दुसऱ्याच दालनात लागली. ‘इंडस-२’ या सिंक्रोट्रॉनचं वर्तुळ १७२ मीटरांहून लांब. त्यात इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरत ठेवायचे, तर आतला दाब वातावरणाच्या सुमारे हजार अब्जाव्या भागाइतका खाली न्यावा लागतो. बोटाचा ठसा राहिला तरी त्यातला तेलकटपणा आत वाफाळत राहतो. वळणांवरची पात्रं ५०८३ या अॅल्युमिनियम मिश्रधातूची आहेत. ती कापायची, जोडायची, धुवायची, तापवून कोरडी करायची, हे सगळं इथल्या माणसांनी हात बसेपर्यंत केलं.

याच ५०८३ धातूचा दहा मीटर व्यासाचा, दहा सेंटिमीटर जाडीचा गोल कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी त्यात १९२ लेसर-झोतांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा ओतली आणि अणुकेंद्रकांच्या संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. इंदूरच्या १५० टेरावॉट लेसरच्या स्पंदात पावणेचार ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे लिव्हरमोरच्या पाच लाखाव्या भागाहूनही कमी. हे अंतर लपवण्यात अर्थ नाही.

पण लिव्हरमोरचा गोलही वीजकेंद्राचं पात्र नव्हे. तिथे एका स्फोटानंतर दुसऱ्याची तयारी बराच वेळ चालते. वीज करायची तर सेकंदाला दहाएक स्फोट हवेत, वर्षानुवर्षं. ड्युटेरियम आणि ट्रिटियमच्या संमीलनातली ऐंशी टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातात. क्ष-किरण भिंतीचा पृष्ठभाग भाजतात, लक्ष्याचे अवशेष त्यावर आदळतात, आणि न्यूट्रॉन आत शिरून धातूचे अणूच जागचे हलवतात. ट्रिटियमचं अर्धायुष्य जेमतेम १२.३ वर्षं, त्यामुळे निसर्गात त्याचा साठा जवळजवळ नाही. ते भिंतीतल्याच लिथियमपासून बनवावं लागणार. अमेरिकेच्या ‘हायलाइफ-२’ आराखड्यात म्हणून घन भिंतीच्या पुढे फ्लुओराइड क्षाराच्या जाड धारा सोडल्या होत्या: न्यूट्रॉन त्यांनी झेलायचे, ट्रिटियम त्यांनीच द्यायचं आणि उष्णताही त्यांनीच वाहून न्यायची. ‘सोम्ब्रेरो’त कार्बनची कोरडी भिंत आणि तिच्या रक्षणाला झेनॉन वायू. मला धारांची कल्पना अधिक पटते, कारण दर वेळी भिंत नवी मिळते. अडचण अशी, की स्फोटानं उडालेले थेंब आणि वाफ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात निवळायला हवी. पुढचा झोत त्यातून कसा जाणार?

होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हात सांगितलं होतं, की दोन दशकांत संमीलनावर ताबा मिळेल. तसं झालं नाही. भारतानं पुढे चुंबकांनी प्लाझ्मा कोंडण्याची वाट धरली. गांधीनगरजवळ ‘आदित्य’ हे तसं यंत्र, म्हणजे टोकामॅक, १९८९मध्ये सुरू झालं, मग फ्रान्समधल्या ‘इटर’ प्रकल्पात देश सहभागी झाला. ती वाट योग्यच होती. पण लेसरच्या वाटेवर महाग लेसर बांधण्याआधीही करण्याजोगं काम आहे. निर्वातात द्रवाची धार कशी तुटते, वाफ किती वेळात खाली बसते, अखेरच्या भिंगांचं रक्षण कसं करायचं, हे साध्या पाण्याच्या किंवा तेलाच्या धारांवरही तपासता येतं. निर्वात जाणणारे कारागीर, प्लाझ्मा मोजणारे संशोधक आणि ५०८३ जोडणारे वेल्डर एकाच आवारात आहेत. कॅटनं आपल्या पुढच्या योजनेत असा एक धारा-कक्ष मागून घ्यावा.