साठीतल्या पदयात्रिकाची झोळी

घरातील वडीलधारे माणूस प्रवासास निघाले, की त्याच्या सामानाविषयी घरभर विचारविनिमय सुरू होतो. औषधे, पांघरूण, उपवासाचे जिन्नस अशी एकेक वस्तू आठवत जाते आणि वळकटी फुगत जाते. या साऱ्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु ते ओझे अखेर कोणाच्या डोक्यावर जाते, इकडे आपले सहसा लक्ष जात नाही. दांडीयात्रेचा इतिहास वाचताना मला हा प्रश्न विशेषत्वाने जाणवला.

१२ मार्च १९३० रोजी सकाळी गांधीजी साबरमतीच्या आश्रमातून निघाले, तेव्हा त्यांना एकसष्टावे वर्ष चालू होते. बरोबर ७८ सहकारी होते आणि त्यांतील बहुतेक तरुण होते. सुमारे २४१ मैल पायी चालून समुद्रकाठी मिठाचा कायदा मोडावयाचा होता. प्रत्येकाजवळ एक झोळी होती. तीत अंथरूण, कपड्यांचा एक जोड, टकळी, रोजनिशी आणि पाणी पिण्याचे भांडे, एवढाच संभार. नित्य प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशीलेखन हे सर्वांचे नियम असल्यामुळे टकळी व वही यांची गणना कपड्यांबरोबरच आवश्यक वस्तूंत झाली होती. आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी भजनासाठी आपले वाद्यही बरोबर घेतले होते.

निघण्यापूर्वी गांधीजींनी ‘नवजीवन’ पत्रातून वाटेवरच्या गावांना सूचना दिल्या. जेवण अगदी साधे असावे, मिष्टान्न नसावे, अंथरुणाची व्यवस्था करू नये, विडा, सुपारी व चहा यांवर खर्च करू नये, असे त्यांत होते. स्वतःकरिता त्यांनी मिळाल्यास तीन वेळा शेळीचे दूध, मनुका किंवा खजूर आणि तीन लिंबे एवढेच मागितले. आपल्या प्रकृतीस काय लागते हे त्यांनी लपविले नाही, आणि त्यापलीकडे काही नको हेही आधीच सांगून टाकले. वृद्धाने संकोचाने गप्प राहावे आणि यजमानाने अंदाजाने ताट वाढावे, यापेक्षा ही रीत दोघांच्याही सोयीची होती.

संधिवाताने त्यांचे पाय दुखत. थकवा आल्यास उपयोगी पडावा म्हणून एक घोडा मागून येत असे. पण त्यावर ते बसले नाहीत, असे चरित्रकार सांगतात. सोमवार मात्र मौनाचा आणि विसाव्याचा असे.

तरीही लोकांची माया आवरत नव्हती. सुरत जिल्ह्यातील भाटगाम येथे २९ मार्च रोजी तिचा अतिरेक झाला. गांधीजींसाठी सुरतेहून मोटारीने दूध आणविले गेले. रात्रीच्या वाटचालीत उजेड हवा म्हणून एका मजुराच्या डोक्यावर जड किटसनबत्ती देऊन त्याला भरभर चालावयास लावले होते. ते दृश्य पाहून गांधीजी अत्यंत व्यथित झाले आणि गावच्या सभेत त्यांनी ती व्यथा उघड बोलून दाखविली.

या व्यथेला राजकीय अर्थही होता. २ मार्चच्या पत्रात त्यांनी व्हाइसरॉयांना त्यांच्या मासिक २१,००० रुपये वेतनाची आठवण दिली होती आणि हिंदी माणसाचे दैनिक उत्पन्न सरासरीने दोन आण्यांहूनही कमी असल्याचे दाखविले होते. हे लिहिणाऱ्याची सोय दुसऱ्या गरिबाच्या डोक्यावरून वाहिली गेली, तर त्या पत्राला वजन ते काय उरणार? म्हणून भाटगामच्या सभेत त्यांनी केवळ स्वयंसेवकांना बोल लावला नाही. दोषाचा वाटा स्वतःकडे आणि आपल्या तुकडीकडेही घेतला. ५ एप्रिल रोजी यात्रा दांडीस पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीठ उचलले गेले.

सरकारी दौऱ्याच्या निमित्ताने मीही बराच प्रवास केला आहे. माझी पेटी बहुधा शिपायाच्या हातात असते आणि ती किती जड आहे हे मला ठाऊक नसते. भाटगामची ही हकीकत वाचल्यावर एकदा मी ती स्वतः उचलून पाहिली. निम्मे सामान मी तेथेच बाहेर काढले. त्या दौऱ्यात मला त्यातील कशाचीही उणीव भासली नाही.