डूलोखची वाट: दुष्काळाची आठवण आणि कागद (थ्रेड)

मार्च 1849. पश्चिम आयर्लंडच्या मेयो परगण्यातील लुईसबर्ग या गावी शेकडो उपाशी माणसे जमली होती. सरकारी मदतीस ती पात्र आहेत की नाहीत, याची तपासणी व्हायची होती. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्फी लॉजवर हजर राहावे, असा हुकूम सुटला. अंतर सुमारे 19 किलोमीटर, वाट डोंगरातली, डूलोख नावाच्या सरोवराच्या काठाने जाणारी.

तोवर दुष्काळाचे चौथे वर्ष सरत आले होते. 1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि ज्यांचे सारे जेवण बटाट्यावर चालत असे, त्या शेतमजुरांचे घर पहिल्यांदा बसले. 1841 च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या 81 लाखांच्या वर होती. 1851 मध्ये ती 65 लाखांवर आली.

डेल्फीहून माणसे रिकाम्या हातांनी परतली. काहींनी वाटेतच प्राण सोडला. किती जणांनी? त्या वेळच्या वृत्तपत्रातील एका पत्रात रस्त्याकडेला सापडलेल्या सात मृतदेहांचा उल्लेख आहे. गावची आठवण मात्र शेकड्यांत बोलते. याला निव्वळ अतिशयोक्ती म्हणून झटकणे सोपे आहे, पण घाईचे ठरेल. पत्रलेखकाने एका रस्त्यावरची प्रेते मोजली. गावाने बहुधा त्या एका वाटेवर सगळ्या दुष्काळाचे मरण आणून ठेवले.

आणि जिथे आठवण गप्प बसते, ती जागा अधिक बोलकी आहे. 1945 मध्ये, शताब्दीच्या निमित्ताने, आयरिश लोकसाहित्य आयोगाने देशभर प्रश्नावली पाठवून वृद्धांच्या तोंडून दुष्काळाच्या कथा टिपून घेतल्या. त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते: उपासमार झाली ती शेजारच्या गावात. सूपासाठी धर्म बदलला तो दुसऱ्याच कोणी. हुसकावलेल्या कुळाची जमीन बळकावली तीही परक्याने. आपल्या घराचे नाव फार थोड्यांच्या ओठी आले. कारण उघड आहे. जे मेले वा जहाजाने गेले, त्यांची आठवण सांगणारे गावात उरलेच नव्हते. जे उरले, त्यांच्यापैकी काहींच्या शेतात शेजाऱ्याचा बांध मिसळलेला होता.

डूलोखच्या वाटेवर आज एक दगडी क्रूस उभा आहे. त्यावर, आश्चर्य वाटेल, पण महात्मा गांधींचे एक वचन कोरलेले आहे. 1849 मध्ये मेलेल्यांपैकी कोणाचेही नाव नाही.