जस्ताची उणीव : शोध आणि मोजमाप

जस्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जस्ती बादली उभी राहते. अन्नाचा घटक म्हणून या धातूचा विचार सहसा कोणी करीत नाही. वैद्यकशास्त्राची स्थितीही दीर्घकाळ याहून फारशी निराळी नव्हती. बुरशीच्या वाढीस जस्त लागते, हे रोलँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये दाखविले. उंदरांविषयी तेच १९३४ मध्ये सिद्ध झाले. परंतु जस्त थोडेबहुत सर्वच अन्नात असल्यामुळे माणसात त्याची उणीव संभवत नाही, असा समज रूढ होता.

या समजास पहिला धक्का बसला तो इराणात. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये शिराझ येथे असता त्यांच्यापुढे एक २१ वर्षांचा रुग्ण आला. दिसण्यात तो दहा वर्षांचा मुलगाच होता. न आंबवलेली गव्हाची रोटी हा त्याचा मुख्य आहार. शिवाय तो मातीही खात असे. त्याला रक्तक्षय होता. पण खुंटलेली वाढ केवळ लोहाच्या उणिवेने उलगडत नव्हती. अशा रुग्णांचा वृत्तांत १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जस्ताविषयीच्या तर्कास १९६३ मध्ये ईजिप्तमधील संशोधनाने पुष्टी दिली.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, गव्हात जस्त होतेच; परंतु धान्यातील फायटेट त्यास बांधून ठेवीत असल्याने ते आतड्यांत पुरेसे शोषले जात नव्हते. म्हणजे अन्नात असणे आणि अंगी लागणे या दोन गोष्टी भिन्न होत.

मोजमापाची अडचणही अशीच आहे. रक्तद्रवातील जस्त संसर्गाने घटते, जेवणानंतरही बदलते. त्यामुळे एका व्यक्तीपेक्षा समूहाविषयीच त्याची साक्ष अधिक ग्राह्य ठरते. म्हणून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत तीन गमके सांगितली गेली : रक्तद्रवात जस्त कमी असणारे २० टक्क्यांहून अधिक, अपुरे जस्त सेवन करणारे २५ टक्क्यांहून अधिक, किंवा पाच वर्षांखालील खुजी मुले २० टक्क्यांहून अधिक असल्यास प्रश्न गंभीर समजावा. अर्थात खुजेपणास अन्य कारणेही असतात. ते गमक सूचक होय, निर्णायक नव्हे.

उपाय तीन : विविध आहार, पिठात जस्त मिसळणे आणि औषधरूपाने पुरवठा. आंबवणे व मोड आणणे या जुन्या पाकक्रियांनीही फायटेट घटते. अतिसार झालेल्या बालकांस १० ते १४ दिवस जस्त द्यावे, अशी शिफारस २००४ पासून आहे.

जेथे बहुतेक मुले खुजी असतात, तेथे खुजेपण कोणाच्याच नजरेत भरत नाही. अशा ठिकाणी मोजणे हीच प्रतिबंधाची पहिली पायरी ठरते.