चाळणी येईपर्यंत किती थांबायचे?

जुलै १९७० मध्ये अमेरिकेतील 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकात बर्टन ब्लूम यांचा एक छोटा लेख आला. (आदल्याच महिन्यात याच मासिकात एडगर कॉड यांनी तक्त्यांच्या रूपातील डेटाबेसची कल्पना मांडली होती. या दोन कल्पना पुढे एकत्र आल्या.)

ब्लूम यांचे उदाहरण छपाईतले होते. ओळीच्या शेवटी इंग्रजी शब्द कुठे तोडायचा? ५ लाख शब्दांपैकी साडेचार लाख साध्या नियमांनी तुटतात; उरलेल्या ५०,००० शब्दांसाठी डिस्कवरचा शब्दकोश पाहावा लागतो. डिस्क फार संथ. मग प्रत्येक शब्दासाठी तिच्याकडे का धावायचे?

समजा, आपण शून्यांची एक लांब ओळ घेतली. यादीतल्या प्रत्येक शब्दावर ठरावीक आकडेमोड करून काही क्रमांक काढले आणि त्या जागी १ लिहिले. आता नवा शब्द आला की त्याचे क्रमांक तपासायचे. एका जागी जरी शून्य दिसले, तर तो शब्द यादीत नाही, हे नक्की. सगळीकडे १ असेल, तर तो बहुधा आहे. चूक होते, पण एकाच बाजूने: एखादी फेरी फुकट जाते, हवा तो शब्द मात्र कधीच सुटत नाही.

१९८६ साली आयबीएमच्या 'आर-स्टार' या विखुरलेल्या डेटाबेसवरील अभ्यासात मॅकर्ट आणि लोमन यांनी हीच युक्ती तक्ते जोडण्यासाठी तपासली.

आता एक कल्पना करा. परीक्षेच्या कोट्यवधी नोंदी एका तक्त्यात आहेत, एका तालुक्यातील शाळा दुसऱ्यात. शाळांची यादी वाचून चाळणी बनते आणि मोठा तक्ता वाचणाऱ्या यंत्रांकडे जाते. तोवर त्या यंत्रांनी काय करायचे? २०१६ साली इंपाला या प्रणालीच्या २.५ आवृत्तीत अशी चाळणी आली, तेव्हा थांबण्याची मर्यादाही ठेवावी लागली: मुळात १ सेकंद, हवी तर बदलावी. अपाचे डोरिसमध्येही मूळ आकडा १००० मिलिसेकंदांचाच आहे.

मर्यादा फार कमी ठेवली, तर चाळणी पोहोचण्याआधीच नको असलेल्या लाखो नोंदी वाचून पुढे जातात. फार वाढवली, तर पाव सेकंदाचे काम चाळणीची वाट पाहत अडून राहते. उत्तर मात्र दोन्हीकडे तेच येते, कारण शेवटी जोडणी करताना प्रत्येक नोंद पुन्हा ताडून पाहिली जातेच. म्हणून तर हा आकडा वापरणाऱ्याच्या हाती निर्धास्तपणे देता येतो.

आमच्या मते, तो वाढवण्यापूर्वी चाळणीतून किती नोंदी गळतात ते पाहावे. यादीत एका तालुक्याऐवजी जवळजवळ सगळ्याच शाळा असतील, तर तिची वाट पाहण्यात काहीच हशील नाही.