वाड्यातील दुनळी : पेशवाईची की परवान्याची?

बेळगाव-निपाणीकडील जुन्या देसाई-इनामदारांच्या घरी एखादी भारी दुनळी बंदूक असली, की तिची कथा बहुधा ठरलेली असते : ही निपाणकर अप्पा देसायांच्या काळची, पूर्वजांनी लढाईत वागवलेली. अशा काही दुनळ्या आम्ही हाताळून पाहिल्या. कथेला तडा जातो तो बंदुकीच्या सांगाड्यापाशी.

सांगाडा म्हणजे नळ्यांच्या बुडाशी असलेला पोलादी भाग. चाप आणि आतली कळ त्यातच बसते. नळ्या बिजागरीने खाली झुकत असतील आणि काडतूस मागून भरले जात असेल, तर ती बंदूक सिधोजीराव निंबाळकरांच्या हातची नव्हे. त्यांच्या मृत्यूनंतर, १८३९ साली, निपाणीची जहागीर खालसा झाली. ही मूळची फ्रेंच रचना इंग्रज कारागिरांनी उचलली ती १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर. पुढे १८५७ मध्ये निःशस्त्रीकरणाचा हुकूम आला. तो न मानणाऱ्या हलगलीच्या बेडरांचे गाव त्याच वर्षी नोव्हेंबरात जाळले गेले. तेव्हा आपल्या वाड्यांतील मोडणीच्या दुनळ्या बहुतेक त्यानंतरच्या, सरकारी परवान्याने आलेल्या मानाव्यात. हे मान्य करणे जिवावर येते खरे.

मग त्या एवढ्या भारी का? बोअरचा आकडा उलटा चालतो. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर एका गोळीच्या व्यासाएवढी नळी ती बारा नंबरची, सुमारे १८.५ मिलिमीटर. दहा नंबरची १९.७, आठाची २१.२. नळ्या रुंद झाल्या की काडतुसांवर आघात करणाऱ्या दोन पिनांतील अंतर वाढते व सांगाडाही रुंदावतो. अमेरिकेतील पार्कर कंपनी तर सांगाड्याच्या मापाचा क्रमांकच नळ्यांच्या तळाशी ठोकत असे. एकाच बारा नंबरच्या बंदुकीला हलका किंवा भारी सांगाडा मिळे. इंग्रज कारागीर प्रत्येक सांगाडा वजन पाहून घडवीत. बर्मिंगहॅमच्या ग्रीनरचा ठोकताळा असा, की बंदूक छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. दीड औंस छर्‍यांना नऊ पौंड, दोन औंसांना बारा. म्हणजे नुसता आकडा पुरत नाही. सांगाडा पाहिल्याशिवाय बंदूक कशासाठी घेतली ते कळत नाही.

एका घरी पाहिलेली दहा नंबरची दुनळी साडेनऊ पौंडांची निघाली. घरचे म्हणाले, वाघाची. गोळी घालून तीही वापरता येते, पण एवढ्या वजनाला दूरवरच्या मोठ्या पाणपक्ष्यांची शिकार अधिक शोभते. घटप्रभेवरील धुपदाळचा जलाशय हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी भरतो, हे आपण जाणतोच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो अध्याय संपला, आणि बंदुका भिंतीवर राहिल्या.

आता त्या भिंतीवरही राहणार नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकास दोनच बंदुका ठेवता येतात. वारसाहक्काच्या बंदुकाही त्यातच. बंदूक जमा करण्यापूर्वी परवानाधारक कारागिराकडून नळ्या उतरवून तळचे शिक्के, दोन्ही पिनांमधील अंतर व एकूण वजन लिहून घ्यावे, आणि परवान्याच्या जुन्या कागदासह ते घरी जपावे. बार उडवून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. त्यातल्या बहुतेक नळ्या काळ्या दारूसाठी बनल्या, आजच्या काडतुसासाठी नव्हेत.