मानवी जैविक घड्याळ आणि प्रकाश : एका गृहीतकाचा इतिहास

प्रस्तावना :
झोप-जागृतीचे चक्र दिवस-रात्रीशी निगडित आहे, हे मानवास पूर्वापार ठाऊक होते. तथापि विसाव्या शतकात काही काळ मानवी शरीरघड्याळावर प्रकाशाचा प्रभाव गौण मानला गेला. हे मत कसे रूढ झाले व कसे खंडित झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
१७२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ दे मेराँ यांनी एक संवेदनशील वनस्पती अंधारात ठेवली. तरीही तिची पाने नेहमीप्रमाणे उघडत व मिटत राहिली. १८३२ मध्ये द कांदोल यांनी सतत उजेडात हे चक्र २२ ते २३ तासांचे होते, असे नोंदविले. सजीवांच्या अंतर्गत घड्याळाच्या कल्पनेची बीजे येथे आढळतात.

भूमिगत कक्षातील प्रयोग :
१९६० च्या दशकात युर्गन आशॉफ व र्‍युटगर वेव्हर यांनी जर्मनीतील आन्डेक्स येथे स्वयंसेवकांना घड्याळ व सूर्यप्रकाश यांपासून दूर, भूमिगत कक्षांत ठेवले. त्यांचा ‘दिवस’ सरासरी सुमारे २५ तासांचा भरला. दिव्यांचा प्रभाव क्षीण भासल्याने सामाजिक संकेत अधिक निर्णायक मानले गेले.

गृहीतकाचे खंडन :
१९८० मध्ये आल्फ्रेड लेवी व सहकाऱ्यांनी २,५०० लक्स प्रकाशामुळे रात्री स्रवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक मानवातही दबते, हे सिद्ध केले. १९९९ मध्ये चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने व्यक्तींना मंद प्रकाशात २८ तासांच्या दिनक्रमावर ठेवले, तेव्हा अंतर्गत चक्र सरासरी २४ तास ११ मिनिटांचे आढळले. पूर्वीच्या प्रयोगांत दिवे लावणे-मालवणे स्वयंसेवकांच्याच हाती होते. झोपेपूर्वीच्या त्या उजेडाने त्यांचे घड्याळ रोज पुढे ढकलले जाई. जो प्रकाश नगण्य मानला गेला, त्यानेच मोजमाप बदलले होते. २००० मध्ये सुमारे १०० लक्सचा, म्हणजे घरगुती पातळीचा प्रकाशही परिणामकारक ठरतो, हे दिसून आले. २००२ मध्ये दृष्टिपटलातील मेलानोप्सिनयुक्त प्रकाशसंवेदी पेशींचा शोध लागून या परिणामाचा शारीरिक मार्ग स्पष्ट झाला.

निष्कर्ष :
मानव अपवाद ठरला तो प्रयोगाच्या रचनेमुळे. प्रयोगशाळेतील दिवा हा तटस्थ पार्श्वभूमी नसून स्वतंत्र घटक आहे, हे उमगण्यास सुमारे तीन दशके लागली. रात्रपाळीतील कामगार व रात्री उशिरापर्यंत वाचणारा विद्यार्थी यांच्या झोपेचा विचार करताना डोक्यावरील दिव्याची दखल घेणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.