नाणेघाट: मोजलेलं आणि न मोजलेलं

घाटघर, जीवधन, नाणेघाट आणि परत घाटघर. सप्टेंबरातल्या या गोल फेरीत भातखाचरांच्या बांधावर कडक ऊन लागलं, जीवधनच्या कातळपायऱ्यांवर सर आली आणि घाटाच्या तोंडाशी दहा पावलांपलीकडचं दिसेना. मधेच धुकं फाटलं की किल्ला इथेच का, ते कळतं. खाली कोकणातून वर येणारी वाट सरळ नजरेत येते.

सातवाहन काळात सोपारा-कल्याणकडचा माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. वाटेवरच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची ही यादी: कुठे १,७०० गाई, कुठे २४,४०० कार्षापण. मला गंमत वाटली ती आकड्यांची. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. शंभराचं चिन्ह वेगळं, हजाराचं वेगळं, आणि किती हजार ते त्यालाच जोडलेलं. तरी हिशेब चोख! समोरच्या भिंतीवरच्या राजघराण्याच्या मूर्ती मात्र गेल्या. वर नावं राहिली, खाली पावलांच्या खुणा.

बाहेरचा दगडी रांजण जकातीचा, असं सगळे सांगतात. लेखात जकातीचा उल्लेख नाही. वाचता येतो तेवढ्या मजकुरात माल वाहणारेही नाहीत, आणि मला तेच जास्त खटकतं. दानाची गाय न् गाय मोजली. ओझं घेऊन हा चढ चढणारे बैल किती, माणसं किती, हे कुणी कोरलं नाही. घाटातल्या पायऱ्या तेवढ्या झिजल्यात.